निम्मा, पण कशाचा?

मास कम्युनिकेशनला अॅडमिशन घेतली तेव्हा सगळ्यात मोठा आनंद कुठला होता, खरं सांगू? आता आयुष्यात गणित नाही! पण गेल्या महिन्यात माझी रूममेट मॉक टेस्टचा निकाल घेऊन समोर बसली आणि तो आनंद संपला. ती बँकेच्या परीक्षांची तयारी करतेय. शाब्दिक उदाहरणात अपूर्णांक आला की तिची घाई होते आणि उत्तर चुकतं. हा तिसरा प्रयत्न. घरून ‘आता बास कर’ असे फोन यायला लागलेत.

आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि माझ्या स्टायपेंडचंच गणित मांडलं. १/३ भाग खोलीभाड्याला जातो, उरलेल्यातला निम्मा मेसला. हातात राहतात ३००० रुपये. तर स्टायपेंड किती?

तिनं झटकन लिहिलं:
क्ष − क्ष/३ − क्ष/२ = ३०००
उत्तर आलं १८०००. ‘एवढा मिळतो तुला?’ मी हसलेच. मिळतात ९०००!

चूक कुठे झाली? निम्मा, पण कशाचा? पूर्ण स्टायपेंडचा नाही, उरलेल्याचा. भाडं दिल्यावर उरतात २क्ष/३. त्याचा निम्मा क्ष/३. म्हणून:
क्ष − क्ष/३ − क्ष/३ = ३०००
क्ष/३ = ३०००, क्ष = ९०००
‘उरलेल्यातला’ हा एक शब्द निसटला आणि पगार दुप्पट झाला.

अपूर्णांक कधी एकटा नसतो, तो कशाचा तरी भाग असतो. समीकरण लिहायचं म्हणजे आधी ते ‘कशाचा’ शोधायचं. आपली मराठी इथे मदतच करते:

• ‘क्षचा पाव भाग’ म्हणजे क्ष/४. ‘चा-ची-चे’ दिसलं की बहुतेकदा गुणाकार.
• ‘पाऊणपट’ ३क्ष/४, ‘सव्वापट’ ५क्ष/४, ‘दीडपट’ ३क्ष/२.
• ‘निमपटीपेक्षा ५ ने कमी’ म्हणजे क्ष/२ − ५. उलटं लिहू नका!
• ‘राहिले’, ‘झाले’, ‘इतके आहेत’ इथे बरोबरचं चिन्ह.

ही भानगड आजची नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) भुंग्यांचं एक उदाहरण आहे. थव्यातला १/५ भाग कदंबावर गेला, १/३ शिलींध्राच्या फुलांवर. या दोन संख्यांतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या फुलांवर. एक भुंगा हवेतच भिरभिरत राहिला. इथे मात्र १/३ हा उरलेल्यांचा नाही, सगळ्या थव्याचा. मग:
क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष
दोन्ही बाजूंना १५ ने गुणलं की अपूर्णांक गायब: ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष. म्हणजे क्ष = १५. पडताळा बघा: ३, ५, ६ आणि तो एकटा. जुळलं!

पडताळा ही सगळ्यात स्वस्त युक्ती. उत्तर शब्दांत परत घालून बघायचं. माझ्या ‘१८०००’चं बिंग तिथेच फुटलं असतं: भाडं ६०००, उरले १२०००, मेस ६०००, हातात ६०००. तीन हजार कुठे आले?

शेवटी तिनं स्वतःच एक समीकरण मांडलं. मॉक टेस्टमध्ये ८० प्रश्न सोडवले, गुण मिळाले ६०. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. बरोबर उत्तरं क्ष, तर:
क्ष − (८० − क्ष)/४ = ६०
५क्ष/४ = ८०, क्ष = ६४. म्हणजे १६ चुका, ४ गुण गेले.

पडताळाही तिनंच केला. मग पेपर परत काढला. त्या १६ पैकी किती ‘कशाचा?’ न विचारल्यामुळे गेले, ते आता ती पेन्सिलनं गोल करत शोधतेय.