शुद्ध रक्ताचा दाखला डीएनए देत नाही

‘आमच्यात भेसळ नाही, आमचं रक्त शुद्ध आहे.’ लग्नाच्या बैठकीत आणि घराण्याच्या इतिहासाविषयी बोलताना हे अजून ऐकू येतं. हल्ली तर त्याला ‘डीएनएनं सिद्ध झालंय’ अशी पुस्तीही जोडली जाते. प्रत्यक्षात भारतीयांच्या डीएनएवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे काम झालं, त्यानं शुद्धतेची कल्पना पार निकालात काढली. त्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण जातीची दारं लावून घेतली, त्याची किंमत आजारांच्या रूपानं आपली मुलं मोजत आहेत.

‘प्रत्येक जात वेगळ्या वंशाची’

२००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले लालजी सिंह आणि कुमारसामी थंगराज यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्या गटाबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातल्या २५ समाजांमधल्या १३२ जणांचा डीएनए त्यांनी तपासला. मुख्य भूमीवरचे जवळजवळ सगळे समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले दिसले. संशोधकांनी त्यांना उत्तर भारतीय पूर्वज आणि दक्षिण भारतीय पूर्वज अशी नावं दिली. पहिल्या समूहाचा वाटा बहुतेक समाजांत ३९ ते ७१ टक्क्यांच्या दरम्यान निघाला. उत्तरेकडे तो जास्त, आणि परंपरेनं उच्च मानल्या गेलेल्या जातींतही जास्त. हा फरक खरा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण या मिश्रणापासून अलिप्त राहिलेली जात सापडली नाही. वेगळे निघाले ते अंदमानातले ओंगी.

हे मिश्रण कधी झालं, याचं उत्तर २०१३ साली प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी दिलं: साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात. दोन समूहांतली माणसं एकत्र येतात तेव्हा त्यांच्या संततीत दोन्हीकडचे डीएनएचे लांबलचक तुकडे असतात. दर पिढीला ते तुकडे मोडत जातात, म्हणून त्यांची लांबी मोजली की मिश्रणाचा काळ काढता येतो. त्या दोन हजारांहून अधिक वर्षांत या देशात सगळ्यांची सगळ्यांशी सोयरीक होत होती. डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या भिल्लांच्या डीएनएमध्येसुद्धा त्याच्या खुणा आहेत. त्यानंतर मात्र रोटी-बेटीची दारं बंद होत गेली. म्हणजे आपण ज्याला अनादि काळापासूनची रीत समजतो, ती तुलनेनं अलीकडची आहे.

‘राखीगढीनं सगळा निकाल लावला’

सप्टेंबर २०१९ मध्ये हरियाणातल्या राखीगढीचा निष्कर्ष जाहीर झाला. हे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालं होतं. उष्ण हवामानात हाडांतला डीएनए टिकत नाही. म्हणून ६१ नमुने तपासल्यावर कामापुरता डीएनए मिळाला तो एकाच सांगाड्यातून. ती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक स्त्री होती. तिच्या डीएनएमध्ये इराणकडच्या प्राचीन लोकांशी दूरचं नातं असलेला मोठा भाग होता आणि भारतातल्या आदिम शिकारी लोकांचाही भाग होता. युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या, म्हणजे स्टेपमधल्या पशुपालकांचा अंश मात्र नव्हता.

बातम्या आल्या त्या ‘कुणी बाहेरून आलंच नाही’ अशा. पण त्याच सुमारास ‘सायन्स’ या नियतकालिकात ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरचा दुसरा शोधनिबंध आला होता आणि दोन्ही निबंधांचे अनेक लेखक तेच होते. त्या दुसऱ्या निबंधानुसार स्टेपमधला अंश दक्षिण आशियात आला इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान, म्हणजे हडप्पा संस्कृती ओसरू लागल्यानंतर. आज तो अंश भारतातल्या बहुसंख्य समाजांत कमी-अधिक प्रमाणात आहे. राखीगढीच्या बाईमध्ये तो नसणं आणि आपल्यात असणं या दोन्ही गोष्टी एकमेकींशी अगदी जुळतात. तो नंतर आला, एवढाच याचा अर्थ.

जी मंडळी यावरून ‘आर्यांचं आक्रमण सिद्ध झालं’ म्हणतात, त्यांनाही हा पुरावा तेवढी मुभा देत नाही. डीएनए सांगतो की माणसं आली आणि शतकानुशतकं मिसळत गेली. लढाई झाली का, हे तो सांगत नाही. येणारे कोणती भाषा बोलत होते, हेही हाडांत लिहिलेलं नसतं. तो भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्या मदतीनं काढलेला तर्क आहे. तो तर्क बळकट आहे असं माझं मत आहे, पण तर्क आणि मोजमाप यांची गल्लत करू नये.

‘परंपरेतली कथा एकतर खरी, नाहीतर खोटी’

याला सुंदर उत्तर आपल्या कोकणातच आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आमचा समाज वाढला, असं बेने इस्रायली सांगतात. तेलाच्या घाण्यावर काम करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, धर्म ज्यू. २०१६ साली त्यांच्या जनुकीय वारशाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यू समाजाशी त्यांचं नातं स्पष्ट दिसलं, आणि स्थानिक भारतीय समाजाशी असलेलं नातंही तितकंच ठळक दिसलं. ही सरमिसळ साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झाली असावी. आईकडून येणारा डीएनए बराचसा इथलाच आहे. जहाज, किनारा आणि सात जोडपी यांविषयी डीएनए काहीच बोलत नाही, पण दुरून आल्याची समाजाची आठवण त्यानं खरी ठरवली, आणि इथल्या लेकी त्या समाजाच्या आया झाल्या हेही सांगितलं.

घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून मिळणाऱ्या ‘वंशाच्या टक्केवारी’विषयी इथेच सांगून टाकतो. ती टक्केवारी कंपनीच्या संग्रहातल्या आजच्या लोकांशी केलेली तुलना असते. संग्रह वाढला की तुमचे टक्केही बदलतात. शिवाय दहा पिढ्या मागे गेलं की आपल्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात आणि त्यांतल्या अनेकांचा एकही तुकडा आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. कुळाचा मूळ पुरुष त्या अहवालात शोधू नये.

‘माणसाची उत्क्रांती कधीच संपली’

सिकलसेल हा या समजाला सर्वांत ठसठशीत अपवाद. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बदललेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तर असह्य वेदनांचे झटके, रक्तक्षय, प्लीहेची हानी असं सगळं मागे लागतं. एकाच पालकाकडून आली तर माणूस वाहक होतो. एरवी तो निरोगीच असतो आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या कामातून १९५४ साली दाखवून दिलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक जास्त जगले आणि हा बदल टिकून राहिला. भारतात तो १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत आज जे रुग्ण दिसतात, त्यांच्या आजारामागे जंगलातल्या डासांशी झालेली ती जुनी झुंज आहे. हा ‘फक्त आदिवासींचा आजार’ आहे, हा आणखी एक गैरसमज. विदर्भात तो बिगरआदिवासी समाजांतही मोठ्या प्रमाणात आहे आणि तिथे निदान उशिरा होण्याचं एक कारण हा गैरसमजच आहे.

उत्क्रांती आपल्याला निर्दोष बनवत जाते, हेही खरं नाही. थंगराज यांच्यासह अनेक संशोधकांनी २००९ मध्ये हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळाल्याचं दाखवलं. सुमारे चार टक्के भारतीयांत हा दोष आढळला आणि त्यानं हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. तो हजारो वर्षं का टिकला? कारण त्रास बहुधा उतारवयाकडे सुरू होतो आणि तोवर मुलंबाळं झालेली असतात. नैसर्गिक निवडीची पकड त्या वयानंतर सैल होते.

निअँडरथल मानवाचंही तसंच. तो संपला खरा, पण आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या लोकांत त्याचा एक-दोन टक्के डीएनए आहे. स्वान्ते पाबो यांना याच विषयातल्या कामासाठी २०२२ चं नोबेल मिळालं. पाबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी २०२० साली दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलकडून आला आहे. दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात १६ टक्क्यांत. पुढच्याच वर्षी त्यांनी बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडाही दाखवला, आणि तो उलट संरक्षण देणारा निघाला. अशा तुकड्यानं धोका कमी-जास्त होतो, नशीब ठरत नाही. वय, मधुमेह आणि वेळेवर मिळालेला प्राणवायू यांचं वजन फार मोठं होतं.

‘आम्ही गोत्र पाळतो, आम्हाला काय धोका?’

या समजासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

गोत्र फक्त बापाच्या बाजूनं चालतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, म्हणून महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत ते स्थळ हक्काचं मानलं जातं. पण मामे-आते भावंडांचा सरासरी एक अष्टमांश डीएनए समान असतो, गोत्र काहीही असो. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दोन्ही पालकांकडून एकच बिघडलेली प्रत आली की आजार उघडा पडतो, आणि पूर्वज समान असले की ही शक्यता वाढते.

‘आम्ही नात्यात लग्नं करतच नाही’ म्हणणाऱ्यांनाही निश्चिंत राहता येत नाही. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजांतल्या २,८०० पेक्षा जास्त लोकांच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यातले ८१ समाज इतक्या थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढलेले निघाले की याबाबतीत त्यांनी फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांनाही मागे टाकलं. अनुवंशिक आजारांसाठी जगभर उदाहरण दिलं जातं ते या दोघांचं. त्या ८१ पैकी १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. समाज लाखोंचा असला तरी आतल्या आत लग्नं होत राहिली की सगळे एकमेकांचे दूरचे भाऊबंद होतात.

आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण पाहा. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन देतात, त्याचा असर काही मिनिटांत उतरायला हवा. या समाजातल्या काहींच्या शरीरात ते औषध मोडणारं विकर नसतं. मग श्वासाचे स्नायू तासन्‌तास लुळे राहतात. म्हणून तिथले जाणते भूलतज्ज्ञ आधीच समाज विचारून घेतात आणि औषध बदलतात. एवढ्या माहितीनं जीव वाचतो. प्रत्येक समाजात असं काय दडलं आहे, हे आपण अजून पुरतं शोधलेलंही नाही. ८३ समाजांतल्या जवळपास दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. आता कुठे सुरुवात आहे.

जातीबाहेरच्या लग्नानं त्या-त्या जातीतल्या दुर्मीळ दोषांच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता कमी होते. पण थॅलेसेमिया आणि सिकलसेल अनेक समाजांत पसरलेले आहेत. एक जण थॅलेसेमियाचा वाहक आणि दुसरा सिकलसेलचा असला तरी मूल आजारी जन्मू शकतं. म्हणून लग्न कुणाशीही असो, तपासणी हवीच.

‘वाहक म्हणजे रोगी’

थॅलेसेमिया मायनर असलेली व्यक्ती आयुष्यभर ठणठणीत राहू शकते. तिच्या तांबड्या पेशी जरा लहान असतात, त्यामुळे अनेकींना विनाकारण वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. हिमोग्लोबिन ए-टूची एक तपासणी केली की उलगडा होतो. वाहकाचं लग्न वाहक नसलेल्याशी झालं तर मुलांना आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. तेव्हाही गर्भाची तपासणी हा मार्ग असतो.

हे साधं गणित आहे, पण ‘मुलीत दोष आहे’ अशी कुजबुज सुरू झाली की तिचं लग्न मोडतं, म्हणून आईबाप तपासणीच टाळतात. मुलाकडे तीच प्रत असली तरी त्याला कुणी विचारत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणीनंतर हातात कार्ड मिळतं. ते कार्ड सोयरिकीच्या वेळी कुणाच्या हातात पडेल, ही भीती खरी आहे आणि ती गांभीर्यानं घ्यायला हवी.

त्यावरचा एक उपाय न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यूंनी काढला आहे. टे-सॅक्स या आजारात स्वतःची चार मुलं गमावलेले रब्बी जोसेफ एकस्टीन यांनी १९८३ च्या सुमारास ‘दोर येशोरिम’ ही संस्था उभी केली. मुलामुलींची तपासणी होते, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक मिळतो, निकाल कुणालाच कळवत नाहीत. स्थळ पुढे सरकण्याआधी दोन्ही घरं क्रमांक कळवतात आणि संस्था एवढंच सांगते की जोडी जुळते की नाही. ठरवून केलेली लग्नं तिथेही आपल्यासारखीच, पण कुणा एका मुलीवर शिक्का बसत नाही. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळांनी आणि ज्ञाती संस्थांनी, रक्तपेढ्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीनं, हीच पद्धत थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी सुरू करायला हवी. त्यासाठी नवं काही शोधून काढावं लागणार नाही, तपासण्या आजही जिल्ह्याच्या ठिकाणी होतात.