गाडी अडकली की शेजारीच डॉक्टर

रेल्वेच्या डब्यात शेजारी कोण यावा हे आपल्या हातात नसते. कोणी घोरणारा, कोणी मोठमोठ्याने बोलणारा, कोणी सामानाने वाट अडवणारा. एक रात्र कशीबशी काढायची आणि सकाळी आपापल्या वाटेने जायचे, एवढाच संबंध. पण उतरायची सोयच उरली नाही तर?

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर ते वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते, त्यांत ९ गर्भवती स्त्रिया. खाली उतरू नका, असे रेल्वेने कळवले होते. २७ तारखेच्या दुपारी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, पोलीस आणि गावकरी यांनी सर्वांना सुखरूप बाहेर काढले.

त्या गाडीत माझे एक जुने पेशंट होते. वय साठीच्या पुढे, मधुमेहाच्या गोळ्या चालू. कल्याण यायच्या आतच खालच्या बर्थवरून समोरच्या तरुणाशी त्यांचे वाजले होते. पाणी चढले तरी दोघांचा अबोला कायम! सकाळी काकांनी सवयीप्रमाणे गोळी घेतली, नाश्ता मात्र मिळाला नाही. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते कारण नसताना लोकांवर ओरडू लागले. "म्हातारा घाबरला," असे कोणी म्हणाले. त्या तरुणाच्या आईला मधुमेह आहे. त्याने ओळखले. "काका, गोळी घेतलीत ना? मग खाल्लंत काय?" एका बाईंनी मुलासाठी ठेवलेले सरबत दिले, याने आपली बिस्किटे दिली. पंधरा-वीस मिनिटांत काका भानावर आले. बोटीत बसताना त्यांची बॅग त्याच तरुणाच्या खांद्यावर होती.

रक्तातली साखर उतरली की मेंदूला इंधन कमी पडते. माणूस गोंधळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. संकटाच्या वेळी हे सारे भीतीसारखेच दिसते, म्हणून धोका जास्त. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला असे झाले तर, तो शुद्धीवर असल्यास, तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये.

खरोखरच घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, आणि तो आणखी घाबरतो. अशा वेळी "घाबरू नका" हे ओरडून सांगण्याचा उपयोग नाही. जवळ बसावे, त्याच्याबरोबर आपणही सावकाश श्वास सोडावा. छातीत कळ येत असेल किंवा हृदयविकार असेल, तर मात्र निव्वळ भीती समजून दुर्लक्ष करू नये.

संकटात लोक एकमेकांना तुडवून पळतात, अशी आपली समजूत असते. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. अंधारात, धुरात अडकलेल्या प्रवाशांच्या अनुभवांचा जॉन ड्रुरी या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अभ्यास केला. अनोळखी माणसांनी एकमेकांना धीर दिला, पाणी वाटून घेतले, जखमा बांधल्या, असे त्यांना आढळले. 'आपण सारे एकाच संकटात' ही जाणीव परक्याला आपला करते. अर्थात सगळेच देवमाणूस होत नाहीत. पाण्याची बाटली लपवून ठेवणाराही डब्यात असतोच, आणि सुटका झाल्यावर बसमधल्या जागेवरून पुन्हा जुंपते. स्वभाव काही पुरात वाहून जात नाही.

घरी पोचल्यावर काही दिवस झोप न लागणे, दचकणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक आहे. बरोबरच्या प्रवाशाशी फोनवर बोलावे, मन हलके होते. महिना उलटूनही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टोच्या प्रतिबंधासाठी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटावे. गोळी मनाने घेऊ नये.

आमच्याकडचे पेशंट आपला आजार चारचौघांत सांगायला लाजतात. प्रवासात लाजू नका. मधुमेह, फिट्स, दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर गाडी सुटतानाच शेजाऱ्याला सांगून ठेवा, भले तो खालच्या बर्थसाठी भांडला असेल. दोन दिवसांच्या जादा गोळ्या आणि थोडी साखर हाताशी असू द्या. आजाराचे नाव, गोळ्या आणि घरचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिशात ठेवा. मोबाईलवर भिस्त नको, त्याची बॅटरी सर्वांत आधी संपते.