मंदिरावरील मिथुने आणि आपली नजर

ऐहोळेच्या दुर्ग मंदिराच्या खांबांवरील युगुले पाहून सहलीतली मुले हसतात, मुली मान फिरवतात आणि आम्ही प्राध्यापक पुढे चालू लागतो. देवळात हे कशाला, असा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. विचारीत मात्र कोणी नाही. मला तो विचारण्याजोगा वाटतो.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला तो पडला नव्हता. मंदिराचे द्वार मंगल पक्षी, स्वस्तिक, घट, पानवेली आणि मिथुने यांनी सजवावे, असे त्याने ‘बृहत्संहिते’त सांगितले आहे. म्हणजे पूर्णकुंभाप्रमाणे मिथुन हेही शुभचिन्हच होते.

पुढे दहाव्या ते तेराव्या शतकांत खजुराहो आणि कोणार्क येथे ही शिल्पे अधिक उघड झाली. डॉ. देवांगना देसाई यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात त्यांचा संबंध सुफलतेच्या जुन्या समजुतींशी आणि सरंजामी विलासाशी जोडला. खजुराहोच्या लक्ष्मण व कंदारिया महादेव मंदिरांत मंडप आणि गर्भगृह जोडणाऱ्या भिंतीवरच ठळक मैथुनशिल्पे आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. वास्तूच्या सांध्यावर शिल्पकाराने केलेला तो जणू श्लेषच!

नजर बदलली ती एकोणिसाव्या शतकात. 1838 मध्ये खजुराहो पाहणाऱ्या कॅप्टन बर्ट या इंग्रज अधिकाऱ्याने कारागिरी वाखाणली, पण शिल्पांच्या अश्लीलतेवर नाक मुरडले. इंग्रजी शिकलेल्या आपल्या लोकांनीही तो संकोच उचलला. कोणी ही शिल्पे अधःपतनाची खूण ठरवली, तर कोणी जीवाशिवाच्या मीलनाचे रूपक म्हणून त्यांवर पांघरूण घातले. कायद्याने मात्र मंदिरे व देवांचे रथ यांवरील शिल्पांना अश्लीलतेच्या कलमातून वगळले. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती सूट आहे.

कोणार्क 1984 मध्ये आणि खजुराहो 1986 मध्ये जागतिक वारसा ठरले. लाजेची जागा अभिमानाने घेतली खरी, पण पर्यटकाला तेवढीच शिल्पे दाखवण्याची नवी खोड जडली. वस्तुतः खजुराहोत ती थोडीच आहेत. भोवती देव, अप्सरा, व्याल, मिरवणुका, सारा संसार कोरलेला आहे.

त्या संसारातून काम वगळावा असे शिल्पकाराला वाटले नाही आणि केवळ तोच कोरावा असेही वाटले नाही. विद्यार्थ्यांना ही भिंत संपूर्ण दाखवावी, त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे. वर्गात जे बोलायचे टाळतो, ते मग त्यांना गाईडच्या थट्टेतून शिकावे लागते.