मेणावरचं कुंकू, काचेवरचा कॅमेरा

मे महिन्यातली दुपार होती. नगरहून शिर्डीला निघालो होतो. राहुरी मागे पडली आणि समोरच्या काचेला लावलेला मोबाइल होल्डर मोबाइलसकट निखळला. गुडघ्यावर आपटून तो पायांशी गेला आणि नेमका ब्रेकच्या पेडलखाली अडकला. पुढे कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर संथ चालला होता. ब्रेक दाबला, तर पेडल अर्ध्यातच थांबलं. हँडब्रेक ओढत गाडी डावीकडच्या मुरमात घातली. ती थांबली, कुणाला काही लागलं नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. रोज डोळ्यांसमोर जी वस्तू लावून आपण गाडी हाकतो, तिला धरून कोण ठेवतं? आणि ऐन वेळी सोडून का देतं?

या प्रश्नाला नगरइतकं योग्य गाव दुसरं नसेल. आता अहिल्यानगर म्हणून ओळखलं जाणारं हे शहर वाहनांची परीक्षा घेणारं शहर आहे. आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा 1948 पासून इथे आहे. इथलं रणगाडा संग्रहालय 1994 साली सुरू झालं. आणि वाहननगरमध्ये संरक्षण संशोधन व विकास संस्थेची ‘व्हीआरडीई’ ही प्रयोगशाळा आहे. लष्करी वाहनांचं संशोधन हे तिचं मूळ काम. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 126 नुसार नव्या नागरी वाहनांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकारही तिला आहे. गाडीचं नवं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी त्याचे ब्रेक, दिवे, आरसे, पट्टे अशा चाचण्यांतून जातात. परंतु ती गाडी घरी आल्यावर मालक स्वतः जे काचेवर चिकटवतो, ते या परीक्षेच्या बाहेर राहतं. होल्डर, डॅशकॅम, नकाशा दाखवणारा पडदा, यांची जबाबदारी फक्त आपल्या अंगठ्यांवर असते. म्हणून चिकटण्याचं शास्त्र गाडी चालवणाऱ्यानेच समजून घ्यायला हवं.

आजीचं मेण

ते शास्त्र मला पहिल्यांदा दिसलं ते आजीच्या कपाळावर. कोरडं कुंकू त्वचेवर टिकत नाही, घामाने ओघळतं. म्हणून आजी आधी मेणाचा छोटा गोल थर बोटाने दाबून लावायची आणि त्यावर कुंकू टेकवायची. मेण मऊ असल्यामुळे कातडीच्या बारीक रेषांत शिरायचं, आणि तरी आपली जागा सोडायचं नाही. मऊपणा आणि घट्टपणा एकाच पदार्थात असणं, हेच आजच्या चिकटपट्टीचं मर्म आहे. पुढे मेण गेलं, मागे चिकट थर असलेली टिकली आली. रात्री काढून आरशावर लावलेली टिकली सकाळी पुन्हा कपाळावर जाते. तिथे काही वाळत नाही, काही शिजत नाही. नुसतं दाबलं की चिकटतं.

आपल्याकडचे बाकीचे चिकट पदार्थ वेगळ्या जातीचे. बाभळीचा डिंक, कणकेची खळ, सुताराचा सरस, पतंगाचा कागद चिकटवायला पिकल्या भोकराचा बलक, हे सगळे ओले असताना पसरतात आणि वाळल्यावर धरतात. 1959 साली बाजारात आलेलं फेव्हिकॉलही पाणी उडून गेल्यावरच पकडतं. लाकूड आणि कागद पाणी शोषतात, म्हणून तिथे हे चालतं. काच पाणी शोषत नाही. काचेला मेणाच्या जातीचंच काही हवं.

ते सापडलं एका गॅरेजमध्ये. 1920च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची टूम निघाली होती. एक रंग देताना दुसरा झाकायला रंगारी जे कागद चिकटवत, ते काढताना ताजा रंगही सोलून येई. सेंट पॉल शहरात थ्रीएम कंपनीचे रिचर्ड ड्रू हे पॉलिश कागदाचे नमुने घेऊन गॅरेजमध्ये जात असत. त्यांनी ही हळहळ पाहिली आणि 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. 1930 मध्ये पारदर्शक चिकटपट्टी आली. त्याच कंपनीतल्या कार्ल डालक्विस्ट यांनी 1960च्या दशकात मोजून सांगितलं की पदार्थ ठरावीक मर्यादेपेक्षा कडक असेल तर तो नुसत्या दाबाने चिकटणारच नाही. आजीच्या मेणाचा नियमच त्यांनी आकड्यात मांडला. 1980 मध्ये आलेल्या ॲक्रिलिक फोमच्या पट्टीने खिळे आणि रिबिट यांची जागा घ्यायला सुरुवात केली. चांगल्या डॅशकॅमच्या मागे असते ती जाड, स्पंजासारखी पट्टी याच कुळातली.

नगरचं ऊन

मग माझा होल्डर का पडला? पहिला आरोपी ऊन. अमेरिकेतल्या टेम्पी या वाळवंटी शहरात उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांची मोजणी 2018 साली प्रसिद्ध झाली. बाहेर 38 अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान असताना अवघ्या एका तासात गाडीतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड 69 अंशांवर. नगर, श्रीरामपूर, जामखेडचा मे महिना त्या आकड्यांपासून दूर नाही. मधमाश्यांचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणजे आजीचं मेण डॅशबोर्डवर वाहून गेलं असतं. स्वस्त होल्डरखालची रबरी डिंकाची पट्टी वितळत नाही, पण मऊ होऊन हळूहळू घसरते. ॲक्रिलिक जातीची पट्टी उष्णतेला बरीच जास्त टिकते. पाकिटावर यातलं काही लिहिलेलं नसतं, आणि दुकानात दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात.

ऊन आणखी एक काम करतं. तापल्यावर प्लॅस्टिक काचेपेक्षा सातएक पट अधिक फुगतं. दिवसा फुगायचं, रात्री आकसायचं. मधल्या पट्टीला दोन्हीकडून ताण. पातळ पट्टी यात फाटत जाते. फोमची जाड पट्टी मात्र आत ताणली जाऊन तो फरक गिळते. तिची जाडी त्यासाठीच असते.

दुसरा आरोपी हवा. माझा होल्डर व्हॅक्यूमवाला होता, म्हणजे रबरी वाटी काचेवर दाबून बसवायचा. अशा वाटीला काही चिकटवत नाही. बाहेरची हवा तिला काचेवर दाबून धरते. मागडेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके यांनी 17व्या शतकात दोन पोकळ अर्धगोलांतली हवा काढून, घोड्यांच्या जोड्यांनी ओढूनही ते सुटत नाहीत, हे दाखवलं तेच बळ. 6 सेंटिमीटर व्यासाच्या वाटीवर समुद्रकाठी हवेचा भार सुमारे 29 किलो भरतो. पण नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच आहे. मुंबईत बसवलेली वाटी माळशेज घाट चढून इथे आली की बाहेरचा दाब सुमारे 7 टक्क्यांनी उतरलेला असतो. त्यात आत उरलेली थोडी हवा उन्हात प्रसरण पावते, आणि वाटीचं मऊ प्लॅस्टिक काही उन्हाळ्यांत कडक होऊन कडेने हवा घेऊ लागतं. सकाळी घट्ट असलेली वाटी दुपारी सुटते ती अशी.

अळवावरचं पाणी

वाटी टाकून दिली आणि पट्टीचा होल्डर आणला. तो डॅशबोर्डवर लावला, तर तो चार दिवसांत सुटला. इथे दोष उन्हाचा नव्हता, जागेचा होता.

अळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. स्वच्छ काचेवर तेच पाणी पसरून बसतं. पाण्याला जे लागू, ते चिकट पदार्थालाही. जो पृष्ठभाग द्रवाला जवळ ओढतो, तिथे पट्टी पसरते, बारीक खाचांत शिरते आणि धरते. काच ओढणारी आहे. अनेक डॅशबोर्ड ज्या पॉलिप्रोपिलिन जातीच्या प्लॅस्टिकचे बनतात, ते अळवाच्या पानाकडे झुकणारं. त्यात गाडी धुणारा मुलगा शेवटी चकाकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश फिरवतो. त्या तेलकट थरावर काहीच बसत नाही. डॅशबोर्डवरचा गणपती वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो ठेंगणा आणि हलका असतो. 15 सेंटिमीटर दांड्यावर लटकणाऱ्या 200 ग्रॅमच्या मोबाइलचं तसं नाही. खड्ड्यात गाडी आदळली की ते वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होतं आणि सगळा जोर पट्टीच्या वरच्या कडेवर येतो. पाकिटावरचं तिकीट सपाट सरकवून निघत नाही, पण कोपरा धरला की सोलून येतं. लांब दांडा तो कोपरा धरतो. म्हणून दांडा जितका आखूड, तितकी पकड दीर्घायुषी.

तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीची कथा इथे हमखास आठवते. खरी घोरपड नख्यांनी धरते, चिकटत नाही. गुळगुळीत भिंतीवर चिकटते ती आपली घरातली पाल. तोके जातीच्या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारे 5 लाख सूक्ष्म केस असतात. ते पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधलं साधं आकर्षणच तिला तोलून धरतं. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एकेका केसाचं बळ मोजलं. पाल असो वा पट्टी, अंतर जितकं मिटेल तितकी पकड. मधे धूळ आली की अंतर मिटत नाही. आणि धुळीला नगर जिल्ह्यात तोटा नाही.

काचेवर काय, कुठे

ज्या काचेवर आपण होल्डर लावतो, ती स्वतःही चिकटवलेलीच असते, हे कळल्यावर मला तिच्याबद्दल आदर वाटू लागला. फ्रेंच संशोधक एदुआर बेनेदिक्तुस यांनी 1903 मध्ये पडलेला काचेचा चंबू तडकूनही विखुरला नाही हे पाहिलं, आणि त्यातून थरांची काच जन्मली. आजच्या समोरच्या काचेत दोन काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, आणि ती सगळी काच गाडीच्या सांगाड्याला पॉलियुरेथेनच्या पट्ट्याने चिकटलेली असते.

या काचेवर आता गर्दी झाली आहे. 15 फेब्रुवारी 2021च्या मध्यरात्रीपासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, आणि तो चिकटवूनच लावायचा असतो. टॅग हातात धरून दाखवणाऱ्यांचे टॅग काळ्या यादीत टाकण्याचं पाऊल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये उचललं. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमानुसार चालकाला मोबाइल फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. ‘अशा रीतीने’ या दोन शब्दांत होल्डरची सगळी जागा ठरते. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. दोन सेकंद मान खाली घातली, तर 33 मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. नगर–मनमाड रस्त्यावर, शिर्डीकडे निघालेल्या पायी पालख्या कडेने चालत असताना, 33 मीटर म्हणजे माणसांची एक अख्खी रांग.

म्हणून पडदा रस्त्याच्या नजरेजवळ हवा, पण नजरेत नको : चालकाच्या बाजूला, काचेच्या खालच्या कोपऱ्यात. डॅशकॅम आरशामागे, वायपर फिरतो त्या भागात. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावर, काहीही नको. ती पिशवी एका सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते, आणि तिच्यावर चिकटवलेली वस्तू गोफणीतल्या दगडासारखी सुटते.

डॅशकॅमचं महत्त्व जगाला कळलं ते 15 फेब्रुवारी 2013 रोजी, रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा. असंख्य गाड्यांच्या कॅमेऱ्यांनी ती टिपली आणि त्या चित्रणांवरून शास्त्रज्ञांनी तिची वाट काढली. आपल्याकडे त्याचा उपयोग रोजचा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असं चित्रण, योग्य प्रमाणपत्रासह, न्यायालयात पुरावा ठरू शकतं. पण पट्टी सैल होऊन कॅमेरा झुकला असेल, तर त्यात फक्त बॉनेट दिसतं. अपघातात बळी गेलेल्या दुचाकीस्वाराची बाजू सांगणारं कुणी उरत नाही. 20,000 किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येणारी दिशा आणि न्यायालयात जाणारी साक्ष, दोन्ही शेवटी दोन इंचांच्या पट्टीवर टांगलेल्या असतात.

पाडव्याचा मुहूर्त

दसरा-पाडव्याला नव्या गाड्या घरी येतात, आणि पट्टी लावायला हाच काळ उत्तम. ती बसवताना 21 ते 38 अंश तापमान हवं. जानेवारीतल्या पहाटे ती कडक असते, पसरत नाही. मे महिन्यात काच आधीच पोळलेली असते.

काच आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग मिसळून पुसावी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते ‘आयपीए’ म्हणून मिळतं. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात तो भाग टाळावा, तो सपाट नसतो. पट्टीला बोट लावू नये. मग दाबावं, आणि हे दाबणं जीव लावून असावं : दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे चार बाय चार सेंटिमीटरच्या पट्टीला 16 किलो. एवढं केलं तरी ॲक्रिलिक पट्टीची पकड 20 मिनिटांत साधारण निम्मी, 24 तासांत 90 टक्के आणि 72 तासांत पूर्ण होते. आपण मात्र चिकटवल्या क्षणी मोबाइल अडकवतो. काढताना ओढू नये. केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्यावी आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवावा.

हे सगळं मला होल्डरच्या पाकिटावर वाचायला मिळालं नाही. मिळायला हवं होतं. किती अंशांपर्यंत टिकेल, किती वजन पेलेल, किती तास थांबायचं, या तीन ओळी छापायला फार शाई लागत नाही. चालकाच्या डोळ्यांसमोर आणि ब्रेकच्या वर टांगली जाणारी वस्तू आरशाइतकीच परीक्षेला पात्र आहे, आणि ती परीक्षा कशी घ्यावी हे ठरवण्याचं ज्ञान याच जिल्ह्यात, वाहननगरमध्ये, आहे. तिथून त्याची सुरुवात व्हावी, अशी एका नगरकराची मनापासून मागणी आहे.

तोवर ती परीक्षा आपणच घ्यायची. या पाडव्याला काच पुसून कॅमेऱ्याची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली, तेव्हा आरशासमोर मेणावर बोट टेकवून उभी असलेली आजी आठवली. ती घाई करत नसे. मीही कॅमेरा भाऊबीज उलटून गेल्यावरच अडकवला.