शिष्यवृत्तीचा नियम, आपल्या भाषेत



जून-जुलै आला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. थोडी पेरणीसाठी, बरीचशी पोरांच्या फीसाठी. मागच्या वर्षी एका ताईंनी मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी ४० हजार रुपये मागितले. गटानं शेकडा दोन व्याजानं दिले. चार महिन्यांनी बोलता बोलता कळलं, की या मुलीचं शिक्षण शुल्क माफच होतं! कॉलेजच्या फलकावर सूचना लागली होती. ताईंनी ती वाचलीही होती. त्या म्हणाल्या, “वाचलं हो, पण ते आपल्यासाठी आहे असं वाटलंच नाही.”

हे ऐकून आम्ही गप्प झालो. मग तीन गटांतल्या बायका आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली एकत्र बसलो. शासन निर्णय ओळीनं वाचला आणि ज्या शब्दाला अडलो, तिथं थांबून त्याचा साधा अर्थ कागदावर लिहिला. तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिला शब्द ‘प्रतिपूर्ती’. म्हणजे मुलीच्या वाट्याची फी सरकार भरून देणार. दुसरा ‘मॅट्रिकोत्तर’, म्हणजे दहावीनंतरचं शिक्षण. तिसरा ‘नूतनीकरण’. एकदा अर्ज केला की काम संपलं, असं नाही. दर वर्षी नवा अर्ज भरायचा. पहिल्या वर्षी मिळालं म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. चौथा ‘केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया’. मुली त्याला कॅप राउंड म्हणतात. सरकारी यादीतून नंबर लागून झालेला प्रवेश तो हा.

आता नियम. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. आधी निम्मं मिळायचं, ते आता शंभर टक्के झालं. कुणासाठी? आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, तर हा लाभ नाही. खाजगी अभिमत विद्यापीठांनाही हा निर्णय लागू नाही. म्हणून फॉर्म भरतानाच विचारायचं, “हा प्रवेश कॅपमधला आहे ना?”

अनुसूचित जातीच्या मुला-मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिथं उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर ‘फ्रीशिप’ नावाची योजना बघायची. मर्यादा ओलांडली म्हणून हात हलवत परत येऊ नका.

एक गोष्ट नीट ऐका. माफी आहे ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काला. वसतिगृह, मेस, अनामत रक्कम ही वेगळी खाती. कॉलेजनं पावती दिली की त्यावर कोणत्या नावानं किती रक्कम लिहिलीय, ते बघायचं. नुसता एकूण आकडा लिहिला असेल, तर फोड मागायची. ती मागण्यात लाज कसली!

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. तो भरला की आधी कॉलेजातला कारकून तपासतो, मग प्राचार्यांकडून पुढं जातो आणि नंतर संबंधित सरकारी कार्यालयात पोचतो. कुठंही कमतरता दिसली, तर अर्ज मुलीकडे परत येतो. आमच्या पाहण्यात अर्ज अडतात ते बहुतेक तीन ठिकाणी.

एक, उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांच्या दाखल्यावर तो कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. बहुधा ३१ मार्च. जुना दाखला जोडला किंवा फोटो अंधुक आला, की अर्ज परत. निकालाची वाट न बघता मे महिन्यातच सेतू केंद्रावर जाऊन या. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, अधिवास हेही त्याच फेरीत बघून घ्या.

दोन, मोबाइल नंबर. सायबर कॅफेवाल्याचा किंवा बंद पडलेला नंबर दिला, तर अर्ज परत आल्याचं आपल्याला कळतच नाही आणि मुदत निघून जाते. घरात कायम चालू असलेला नंबर द्या. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा मुलीला अर्ज उघडून बघायला सांगा.

तीन, बँक खातं. पैसे आधारच्या आधारानं येतात, म्हणजे ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं असेल त्या खात्यात. फॉर्मवर कुठलंही खातं लिहा, फरक पडत नाही. एका मुलीचे पैसे तिच्या विसरलेल्या जुन्या खात्यात जाऊन पडले होते. तेव्हा बँकेत गेल्यावर नुसतं “आधार जोडा” म्हणू नका. “सरकारी योजनेचे पैसे याच खात्यात आले पाहिजेत,” असं स्पष्ट सांगा आणि फॉर्म भरून द्या.

आम्ही हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून गटाच्या बैठकीच्या खोलीत लावलंय. फीसाठी कर्जाचा अर्ज आला, की आता पहिला प्रश्न असा: “शिष्यवृत्तीचं बघितलं का?” कर्ज नाकारायचं म्हणून नाही. गरजेपुरतंच घ्यावं म्हणून.

त्या ताईंच्या मुलीनं मुदतीच्या आत अर्ज भरला. तो एकदा परत आला, तिनं दाखला बदलून पुन्हा पाठवला आणि मंजूर झाला. ताईंचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. फी परत मिळते, भरलेलं व्याज कुणी परत देत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, फलकावरची सूचना दिसली, की ती आपल्यासाठीच आहे असं धरून चालायचं. नाही कळलं तर विचारायचं. आणि कळलं, की शेजारणीला सांगायचं.