मंत्राविना उठवणारा

समोर शत्रूची टोळी, आपला एक गडी बेशुद्ध पडलेला. देवाला साकडं घालणारा पुरोहित सोबत नाही, जादूगारही नाही. तलवार घेऊन उभा असलेला एक जण ओरडतो, ‘ऊठ! अजून संपलेलं नाही!’ आणि पडलेला गडी उठतो. २००८ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीत वॉरलॉर्ड नावाचा क्लास आला, त्याचं हे काम. त्याच्याकडे मंत्र एकही नाही. तरीही पुरोहिताच्या तोडीने तो माणसं उभी करतो, आणि हे नियमांत चोख बसतं. कसं बसतं हे पाहताना मला आजही हरखून जायला होतं.

हा खेळ कधी न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या जगात वावरतात, आणि बेत फसला की साधला ते फासे ठरवतात. क्लास म्हणजे पात्राचा पेशा. लढवय्या, चोर, जादूगार, पुरोहित. पुरोहित आला तो अमेरिकेतल्या मिनेसोटात, डेव्ह आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात. तिथे एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन सगळ्यांना भारी पडू लागला, म्हणून त्याला अडवणारा धर्मपुरुष घडवला गेला. त्यातूनच वाढलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली छापून आला तेव्हा जखमा बऱ्या करण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि पुढची कित्येक वर्षं ‘साथ देणारा’ म्हणजे ‘मंत्र म्हणणारा’ हे समीकरण पक्कं राहिलं.

ते सुटायला वाव होता, कारण जीव मोजण्याची रीतच मुळात अजब आहे. प्रत्येक पात्राला हिट पॉइंट असतात. घाव बसला की ते घटतात, शून्यावर आले की पात्र कोसळतं. ही कल्पना आपण चिलखती युद्धनौकांच्या लढाईच्या नियमांतून उचलली, असं आर्नेसन सांगत. जहाजाला ती शोभते. माणसाला लावली की पंचाईत होते. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये खेळाचे दुसरे जनक गॅरी गायगॅक्स यांनी स्वतःच हिशेब मांडला: दहाव्या पातळीवरच्या लढवय्याचे ८५ पॉइंट धरले, तर त्याला मारायला चार दांडगे लढाऊ घोडे मारण्याइतकं बळ लागेल. हे हास्यास्पद आहे असं म्हणून त्यांनी खुलासा केला, की यातला थोडाच भाग हाडामांसाचा. उरलेला कौशल्याचा, नशिबाचा, जादूई शक्तींचा.

या खुलाशात तीस वर्षांनंतरच्या वॉरलॉर्डची जागा आधीच मोकळी ठेवलेली होती, असं मला वाटतं. आकडा जर दमाचा आणि हिंमतीचाही असेल, तर तो शब्दाने वाढायला हरकत कसली? चौथ्या आवृत्तीने आणखी एक सुंदर गोष्ट केली. तिथे प्रत्येक पात्राकडे स्वतःची राखीव ताकद असते, तिला हीलिंग सर्ज म्हणतात. एक सर्ज म्हणजे पूर्ण हिट पॉइंटांचा चौथा हिस्सा, आणि दिवसाला ते मोजकेच. वॉरलॉर्डने धीर दिला की पडलेला माणूस आपलाच एक सर्ज वापरून उठतो. शब्दाची भर म्हणून वर, सुरुवातीच्या पातळ्यांवर, एका फाशाइतके पॉइंट मिळतात. म्हणजे बरंचसं बळ उठणाऱ्याचंच असतं. बेशुद्ध माणसाला ऐकू कसं येतं, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण मित्राची हाक कानी पडून डोळे उघडणारा वीर कथांमध्ये आपण सहज मान्य करतो. फाशांच्या खेळात तो का नको?

साथ देण्याचा दुसरा मार्ग मला याहून विलक्षण वाटतो: आपली पाळी दुसऱ्याला देऊन टाकणं. कमांडर्स स्ट्राइक या डावात वॉरलॉर्ड स्वतः वार करत नाही, साथीदाराला करायला लावतो. शेवटच्या चेंडूआधी एक धाव काढून जम बसलेल्या फलंदाजाला स्ट्राइक देण्यातलं शहाणपण इथे चक्क नियम होऊन येतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या हँडबुकात वॉरलॉर्ड उरला नाही, पण हा डाव बॅटल मास्टर या लढवय्याकडे गेला. त्याचं गणित जवळून बघण्यासारखं आहे. पाचव्या पातळीचा लढवय्या लांब तलवारीने मारतो, तेव्हा ताकदीचे ४ धरून सरासरी साडेआठ पॉइंट जातात. तोच वार त्याने शेजारच्या चोराला दिला तर? चोराच्या आखूड तलवारीचे साडेसात, बॅटल मास्टरने दिलेल्या जादा फाशाचे साडेचार, आणि चोराच्या छुप्या वाराचे साडेदहा. बेरीज साडेबावीस. खुबी छुप्या वारात आहे. नियमानुसार तो एका पाळीत एकदाच करता येतो. पण आता पाळी लढवय्याची चालू आहे, म्हणून चोराने आपल्या पाळीत तो वापरला असला तरी इथे पुन्हा चालतो. शिवाय शत्रूला चोराचा साथीदार भिडलेला असणं त्याला पुरतं, आणि लढवय्या तर शत्रूच्या अंगाशीच उभा असतो. बदल्यात लढवय्याचा एक वार, त्याची पाळीतली जोड-कृती म्हणजे बोनस अ‍ॅक्शन आणि मोजक्या खास फाशांपैकी एक खर्च होतो, चोराचीही त्या फेरीत मिळणारी एकच पाळीबाहेरची कृती, म्हणजे रिअ‍ॅक्शन जाते.

मलमपट्टीचा मार्गही आहेच. ‘पाथफाइंडर’ या अशाच आणखी एका खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वैद्यकी येणारा कुणीही दहा मिनिटं बसून जखमा बांधू शकतो. पुरोहिताचे मंत्र दिवसाला मोजके, वैद्याला मात्र वेळ मोजावा लागतो. आणि गुहेत दहा मिनिटं निवांत बसू द्यायचं की नाही, हे गेम मास्टरच्या हाती.

या सगळ्यात खरी नाजूक जागा टेबलावर आहे. सेनापती होऊन बसलेला खेळाडू बाकीच्यांना ‘तू इकडे जा, तू त्याला मार’ असं सांगू लागला, की त्यांच्या हातात नुसते फासे फेकणं उरतं. मंत्राने बरं करणाऱ्याकडून ही भीती फारशी नसते. हुकूम देणाऱ्याकडून असते. म्हणून २०२५ मध्ये ‘पाथफाइंडर’ने आणलेला कमांडर मला फार आवडतो. तो आपल्या डावपेचांचा सराव तुकडीकडून आधीच करून घेतो. लढाईत त्याने इशारा दिला की साथीदार आपली रिअ‍ॅक्शन खर्चून तो डाव खेळतात, आणि दर फेरीत एकाला त्यासाठी जादा रिअ‍ॅक्शन कमांडरच पुरवतो. पण प्रतिसाद द्यायचा की नाही हे साथीदाराने ठरवायचं, हेही नियमातच लिहिलेलं आहे. त्यामुळे इशारा आला की दुसऱ्याची पाळी संपायची वाट बघत बसलेला खेळाडू एकदम पुढे सरसावतो, नकाशावरची आपली आकृती कुठे न्यायची ते स्वतः बघतो, आणि पाळी नसताना फासे उचलतो.