मनातले अंतर कसे मोजायचे?

घरात कोणी शिवाशिव पाळते का, असा प्रश्न २०११-१२ साली देशभरातील ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना विचारण्यात आला. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या मानव विकास सर्वेक्षणाचा तो भाग होता. 'नाही' म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता : अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तिने तुमची भांडी वापरली, तर चालेल का? देशातील सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळत असल्याचे सांगितले. मध्य प्रदेशात हे प्रमाण ५३ टक्के निघाले, महाराष्ट्रात फक्त ४ टक्के.

हा ४ आकडा पाहून समाधान मानायचे की शंका घ्यायची? उंची मोजायला पट्टी असते, ताप मोजायला तापमापी. मनातल्या दुराव्याला तसे उपकरण नाही. तिथे प्रश्न हेच उपकरण. म्हणून ते कसे काम करते आणि कुठे चुकते, हे आधी पाहायला हवे.

कोणाला विचारायचे?

समजा, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत असे सर्वेक्षण करायचे आहे. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १००० माणसे निवडली आणि त्यांपैकी निम्म्यांनी 'होय' म्हटले, तर खरा आकडा बहुधा ४७ ते ५३ टक्क्यांच्या दरम्यान असेल. एवढी चूक केवळ योगायोगाने होते आणि नमुना वाढवला की ती कमी होते.

पण दुसऱ्या प्रकारची चूक नमुना कितीही वाढवला तरी जात नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरची बागायती गावे रस्त्यालगत असतात. जिरायती भागातल्या वाड्यावस्त्या आडवाटेला. प्रश्नावली घेऊन हिंडणारा रस्त्यालगतच थांबला, तर अर्धेच चित्र हाती येईल. शिवाय गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि कोप्या करून राहतात. त्यांची नावे इथल्या मतदारयादीत नसतात. मग गावकऱ्यांना तोडणी कामगारांविषयी काय वाटते ते कळते, पण कामगारांना गावाचा अनुभव काय येतो हे कळतच नाही.

काय विचारायचे?

१९२५ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी 'सामाजिक अंतराची मोजपट्टी' मांडली. एखाद्या गटातील व्यक्ती सोयरा म्हणून चालेल का, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, सहकारी म्हणून, की देशातच नको, अशा तिच्या सात पायऱ्या होत्या. जवळची पायरी मान्य करणारा दूरच्या पायऱ्याही मान्य करणारच, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

ही पट्टी जशीच्या तशी आपल्याकडे लावता येत नाही. एकाच फडात खांद्याला खांदा लावून काम करणारे दोघे पाणी वेगवेगळ्या भांड्यांतून पिऊ शकतात. आपल्याकडचा दुरावा बहुतेक वेळा चूल, पाणी आणि सोयरीक यांच्यापाशी दिसतो. म्हणून 'तुम्ही भेदभाव करता का?' यापेक्षा 'त्यांच्या घरी तुम्ही शेवटचे कधी जेवलात?' हा प्रश्न अधिक काही सांगून जातो. पहिल्याचे उत्तर मत असते, दुसऱ्याचे उत्तर घटना.

कोणी, कोणासमोर?

ओसरीवर चारचौघे बसलेले असताना दिलेले उत्तर आणि एकांतात दिलेले उत्तर यांत फरक पडतो. विचारणाऱ्याचे आडनाव कळले की ऐकणारा सावध होतो. त्यातच राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली असून १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरवले आहे. म्हणजे आपण लोकांना गुन्हा कबूल करायला सांगत असतो!

बोलणे आणि वागणे यांतले अंतर उलट्या दिशेनेही असू शकते. रिचर्ड लापियर हे समाजशास्त्रज्ञ १९३० नंतर एका चिनी जोडप्यासह अमेरिकाभर फिरले. चिनी लोकांविषयी तेव्हा तिथे बराच आकस होता. तरी २५१ हॉटेले-खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणे कागदावर नाही म्हणण्याइतके सोपे नसते.

नाण्याची युक्ती

लाजेमुळे दडवलेले उत्तर काढून घेण्याची एक सुंदर पद्धत स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली सुचवली. तिचे एक सोपे रूप वर्गात करून पाहता येईल. प्रश्न मात्र निरुपद्रवी घ्यावा. मुलांच्या जाती-धर्माविषयी तर मुळीच नको. उदाहरणार्थ, 'या आठवड्यात गृहपाठ दुसऱ्याचा पाहून लिहिला का?' प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवावे. छाप पडला तर काहीही असो, 'होय' लिहावे; काटा पडला तर खरे उत्तर लिहावे.

समजा, ८० मुलांपैकी ५२ जणांनी 'होय' लिहिले. त्यांतले सुमारे ४० 'होय' छापामुळे आले. उरलेले १२ हे काटा पडलेल्या ४० मुलांमधले, म्हणजे ३० टक्के. कोणा एकाचे उत्तर फुटले नाही, वर्गाचे प्रमाण मात्र कळले. ८० वेळा नाणे उडवून छाप बरोबर ४० वेळाच पडेल असे नाही. म्हणून हा अंदाज ढोबळच असतो. मुलांना तीन-चार वेळा नाणी उडवायला लावून हेही दाखवता येईल.

आता पुन्हा त्या ४ टक्क्यांकडे वळू. फुले, शाहू, आंबेडकर यांच्या महाराष्ट्रात शिवाशिव खरोखरच पुष्कळ कमी झाली असेल. किंवा 'योग्य उत्तर' कोणते, हे इथे अधिक लोकांना ठाऊक असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नुसत्या या आकड्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी पाणवठा, पंगत आणि सोयरीक यांच्याविषयी घडलेल्या गोष्टी विचाराव्या लागतील, आणि ज्यांना दुरावा सोसावा लागतो त्यांनाही विचारावे लागेल. मात्र 'आम्ही पाळतो' असे उघड म्हणायची लाज वाटू लागणे हादेखील समाजातला बदलच आहे. तो किती खोल गेला आहे, ते मोजायचे काम अजून बाकी आहे.